फळीवाले आबा

आबा कुणाच्याही घरी गेले की आधी दार कोणत्या दिशेला उघडतं ते बघायचे. मग खिडक्या. मग काचेचं कपाट, पितळेचं ताट, भिंतीवरचा आरसा, असं चकाकणारं काही आहे का ते. एवढी पाहणी झाली की यजमानांना नमस्कार करायचे आणि पहिल्याच वाक्यात त्यांना जागेवरून उठवायचे. "पावणं, तुम्ही इकडं बसा. तिथं तोंडच दिसंना तुमचं." भलाभला माणूस स्वतःच्याच घरात निमूटपणे उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसायचा. आबांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. समोरचा माणूस उजेडात नसेल तर त्याच्याशी बोलायचं तरी काय, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

मला बघायला मंडळी आली तेव्हाची गोष्ट. देवगाव रंगारीजवळच्या वस्तीवर आमचं दोन खोल्यांचं घर. रीत अशी की मुलीला उजेडात पाटावर बसवायचं आणि पाहुण्यांनी सावलीत बसून तिला निरखायचं. आबांनी पाट अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला आणि मुलाला दारासमोर बसवलं, तोंडावर सगळं दुपारचं ऊन. वर आईच्या ट्रंकेवरचा आरसा असा कलता करून ठेवला की उरलेला गालसुद्धा उजळून निघावा. बिचारा पाऊण तास डोळे मिचकावत पोहे खात होता. शेवटी त्याच्या काकांनी मुलगी नीट दिसत नसल्याची तक्रार केली. आबा शांतपणे म्हणाले, "ती आम्हाला रोज दिसती. आज तिला बघू द्या." लग्न जमलं. माझा नवरा अजून सांगतो की त्या दिवशी त्याला मी दिसलेच नव्हते, त्यानं नुसत्या आवाजावर होकार दिला.

आबांचं कामच उजेडाचं होतं. वेरूळच्या लेण्यांत वीज यायच्या आधी आतल्या मूर्ती पर्यटकांना दिसाव्यात म्हणून दोन माणसं लागत. एक बाहेर उन्हात आरसा धरून उभा. तो सूर्य पकडायचा आणि दारातून आत फेकायचा. दुसरा आत, हातात पांढरा कागद चिकटवलेली लाकडी फळी घेऊन. आरशातून आलेला झोत तो फळीवर झेलायचा, मऊ करायचा आणि मूर्तीवर सोडायचा. बाहेर गफूरचाचा, आत आबा. ही जोडी तीस-बत्तीस वर्षं टिकली. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून बसलेली, त्यामुळे त्यांचा खरा धंदा दुपारनंतर. गफूरचाचा बाहेरून ओरडायचे, "सूरज सरक्या, आबा," की आतली फळी बोटभर फिरायची.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पोलीस अॅक्शनच्या आधीच्या, निजामी राजवटीतल्या धामधुमीत माझ्या आजोबांनी मेंढरं घेऊन लेण्यांवरच्या डोंगरात मुक्काम हलवला होता. आबा तेव्हा सहा-सात वर्षांचे. धामधूम संपली, पण मेंढरांना तिथला चारा आवडला म्हणून मुक्काम लांबला. मेंढरं वर चरत आणि हा मुलगा खाली लेण्यांत जाऊन कोणत्या वेळी कोणत्या देवाच्या अंगावर ऊन येतं ते बघत बसे. पुढे तीच विद्या त्यांच्या पोटाला लागली. शाळेची पायरी त्यांनी चढली नव्हती, पण "माइंड युवर हेड, साहेब" पासून चार-पाच परक्या भाषांत "हळू", "थांबा" आणि "आभारी आहे" एवढं त्यांना येत होतं.

त्यांच्या कामाला काही नियम होते आणि ते घरीही लागू असत. पहिला, "आधी पाय." मूर्तीवर उजेड नेहमी पायापासून वर न्यायचा, तोंड शेवटी. "देवाचं तोंड एकदम दाखवायचं नाय. माणूस तयार व्हाय पायजे." दुसरा, "मागच्याला दिसलं पायजे. मागच्याला दिसलं तर पुढच्याला दिसलंच." आणि प्रत्येक लेण्यातून बाहेर पडताना, समोर कलेक्टर असो की यात्रेकरू, एकच प्रश्न, "दिसलं का सगळं?" कुणी नाही म्हटलं तर आबा पुन्हा आत न्यायचे.

एका खांबावर कारागिराची छिन्नी घसरली होती. त्या जागी त्यानं एक बारीकसं फूल कोरून टाकलं होतं. मोठमोठे देव सोडून आबा लोकांना ते फूल दाखवायचे. खरोखर छिन्नी घसरली होती की आबांनीच ती घसरवली होती, देव जाणे. माझी आई मात्र या कलेवर फारशी खूश नव्हती. आबा सुट्टीच्या दिवशी, म्हणजे मंगळवारी लेणी बंद असत तेव्हा, अंगणात मला आरसा धरायला शिकवायचे आणि आम्ही बापलेक तो झोत नेमका तिच्या चुलीवर सोडायचो. ती आतून विचारायची, "झाला का उजेड पाडून? मग पाणी आणा आता."

आठवीपासून मी शिकायला मामाकडे गेले, तेव्हाच्या औरंगाबादला. शाळेत वडील काय करतात असं विचारलं की मी म्हणायचे, "वेरूळला खात्यात आहेत." म्हणजे पुरातत्त्व खात्यात. हे अगदीच खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. आबा रोजंदारीवर होते, तेही हंगामापुरते. बाकी पर्यटक खुशीनं देतील ते. पण "खात्यात" म्हटलं की मैत्रिणी गप्प बसायच्या, आणि हळूहळू तो शब्द माझ्या तोंडात असा बसला की पुढे कॉलेजात, नोकरीत, सासरच्या नातेवाइकांत, सगळीकडे आबा खात्यातच राहिले.

नववीत असताना डिसेंबरात शाळेची सहल वेरूळला गेली. मी पोटात दुखतंय म्हणून बघितलं, पण मामीनं ओवा देऊन पाठवलं. दहा नंबरच्या लेण्यात आम्ही शिरलो तेव्हा आबा आत उभे होते. बाहीला उसवलेला स्वेटर, अनवाणी पाय, हातात फळी. उजेड बुद्धाच्या पायांवर होता आणि सावकाश वर चढत होता. माझ्या शेजारची मंगल कुजबुजली की हा फळीवाला बघ, कसा पुतळ्यासारखा उभा आहे, आणि चारपाचजणी फिसकन हसल्या. मीही हसले. मग मान मागे टाकली आणि छताकडे बघत राहिले. वर काहीच दिसत नव्हतं, मिट्ट काळोख होता. तेवढ्यात बुद्धाच्या मांडीपर्यंत आलेला उजेड एकाएकी वर गेला आणि छताच्या दगडी फासळ्या एकेक करून उजळल्या. इतिहासाच्या बाई एकदम खूश झाल्या. "मुलींनो, वर बघा वर," म्हणाल्या आणि त्या फासळ्या लाकडी घराची नक्कल कशी आहेत ते सांगत बसल्या. सगळ्या जणी वर बघत होत्या. बाहेर पडताना आबांनी नेहमीसारखं विचारलं, "दिसलं का सगळं?" सगळ्या एका सुरात "हो" म्हणाल्या. तोवर मी सर्वांच्या आधी बाहेर पोचले होते.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा आबांनी विचारलं, सहल झाली का. मी म्हटलं, झाली. तो विषय तिथंच संपला. मी मनाशी ठरवून टाकलं की त्यांनी मला ओळखलंच नाही. अंधार होता, गणवेश सारखे, वेण्या सारख्या, रिबिनीसुद्धा सारख्या. पंचवीस वर्षं मी हीच समजूत धरून बसले होते.

पुढे लेण्यांत दिवे आले, आरसे आणि फळ्या गेल्या. आबांनी वाईट वाटून घेतलं नाही, फक्त एवढंच म्हणाले की हा उजेड चांगला हाय, पर त्याला पाय अन् तोंड सारखंच. मोठा आरसा गफूरचाचांनी नेला. आबांकडे राहिला तो दाढीचा वाटोळा आरसा. चार वर्षांपूर्वी आबा गेले. तो आरसा आता माझ्याकडे असतो आणि त्याला कारण इटलीतली एक दुपार आहे.

मी चितेगावच्या एका औषध कारखान्यात तपासणी विभाग बघत होते. गोळ्यांच्या पट्ट्या बांधायचं नवं मशीन इटलीतल्या बोलोन्या गावाहून येणार होतं आणि ते शिकून घ्यायला मला आणि आमच्या जोशी साहेबांना जानेवारीत तिकडे जायचं होतं. शिक्षण आठवड्याचं, पुढे मंगळवारपर्यंत सुट्टी. माझ्या मनात आलं, ज्यांनी आयुष्यभर परदेशी माणसांना आपलं गाव दाखवलं त्यांना एकदा त्यांचं गाव दाखवावं. आईनं विमानात बसायला साफ नकार दिला, पण आबांच्या पिशवीत बाजरीच्या खारोड्या, शेंगदाण्याची चटणी आणि घोंगडी भरली. आबांनी एकच चौकशी केली. "तिथली देवळं रचलेली हायत का खोदलेली?" मी म्हटलं, रचलेली. "मग काय," ते म्हणाले, "बघू तरी."

अडचण एकच होती, जोशी साहेब. माणूस लाखातला, पण इतिहासाचं भारी वेड. "तुझे वडील खात्यात होते ना? मग मजा आहे, भरपूर बोलता येईल," असं ते विमानतळापासूनच म्हणायला लागले. दोन विमानांत मिळून दहा तास मी त्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसले आणि साहेबांनी राष्ट्रकूटांचं नाव काढलं की आबांना पाणी हवंय का विचारलं.

बोलोन्या म्हणजे सगळं विटांचं गाव. लाल, तपकिरी, नारिंगी विटा, आणि रस्त्यांच्या दोन्ही बाजूंनी घरांच्या खालून जाणाऱ्या कमानी. कितीही बर्फ पडो, माणूस कोरड्या पायांनी गावभर फिरतो. आबांना त्या फार आवडल्या. "सगळ्या गावाला मिळून एकच पडवी हाय," म्हणाले. बाकी मात्र त्यांचा एकच शेरा. भव्य चर्चसमोर आम्ही माना वर करून उभे राहिलो की आबा घोंगडी सावरत म्हणायचे, "रचलंय चांगलं. पर रचायला काय लागतं? ईट ठिवली, ईटंवर ईट ठिवली. चुकली की काढली. आमच्याकडं चुकलं तर डोंगर गेला." जोशी साहेबांनी हे वाक्य त्यांच्या वहीत लिहून घेतलं.

दोन कललेले उंच मनोरे बघितल्यावर मात्र ते विरघळले. एक तर इतका कलला होता की मला खालून जायची भीती वाटत होती. आबा त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. "ह्यांचं चुकलं, पर ह्यांनी पाडलं नाय. लपवलं बी नाय," म्हणाले आणि त्या मनोऱ्याला हात लावून नमस्कार केला. एक इटालियन बाई थांबून बघत राहिली.

शनिवारी आम्ही एका गाइडबरोबर गाव बघायला निघालो. तिचं नाव लुचीया, वय तिशीचं. घोळक्याला दिसावं म्हणून हातात पांढरी छत्री उंच धरलेली. आबांनी पहिल्या पाच मिनिटांत तिची परीक्षा घेतली आणि ती पास झाली, कारण ती सांगायच्या आधी शेवटचा माणूस येईपर्यंत थांबायची. आबा आपणहून घोळक्याच्या शेवटी गेले आणि माणसं मोजू लागले. एका चौकात त्यांनी लांबूनच बोट वर केलं, मग दाखवलं की एक कमी आहे. खरंच एक आजी बर्फाला घाबरून मागच्या कमानीत उभी राहिली होती. आबा तिचा हात धरून "पियानो, पियानो" म्हणत तिला घेऊन आले. इटालियनमधलं हे "हळूहळू" त्यांना वेरूळला येणाऱ्या लोकांनी शिकवलं होतं. लुचीयानं त्यानंतर त्यांना हाताखालचा माणूस म्हणूनच वागवलं आणि आबांना त्यात मोठा मान वाटला.

शेवटी ती आम्हाला एका लहानशा जुन्या चर्चमध्ये घेऊन गेली. तिथं एका कोनाड्यात मातीच्या, भाजून पक्क्या केलेल्या, माणसाएवढ्या बायका होत्या. मधे मेलेला येशू आडवा आणि भोवती त्या आकांत करणाऱ्या. म्हणजे लुचीयानं तसं सांगितलं. आम्हाला काही दिसलं नाही. तिथं एक पेटी होती, नाणं टाकलं की थोडा वेळ दिवा लागायचा, आणि तो दिवा त्या दिवशी बिघडला होता. बाहेर दाट धुकं, आत अंधार. लुचीयानं मोबाइलचा प्रकाश टाकून बघितला, पण त्यात नुसते पांढरे डाग दिसले. ती फार ओशाळली. ही तिची सगळ्यात आवडती जागा होती.

आबा बाहेर आले. दारात उभं राहून त्यांनी आकाशाकडे पाहिलं, चौकाकडे पाहिलं आणि मला विचारलं, मावळत कुठंशी. मी मोबाइलमध्ये बघून सांगितलं की दाराचं तोंड पश्चिमेलाच आहे. "वेरूळासारखंच," ते म्हणाले. त्यानंतर रविवार आणि सोमवार त्यांनी काहीही बघितलं तरी बोलणं एकच. "त्या बाया अंधारात ऱ्हायल्या." सकाळी उठले की खिडकीत. धुकं तसंच. हॉटेलवाल्याला मी दहादा विचारलं, ऊन कधी पडेल. तो खांदे उडवायचा. आमचं विमान मंगळवारी संध्याकाळचं, चार वाजता हॉटेल सोडायचं होतं.

मंगळवार आबांचा सुट्टीचा वार. निवृत्त झाले तरी मंगळवारी ते देऊळसुद्धा बघायला जात नसत. मी निवांत बॅगा भरत होते. दुपारी एकच्या सुमाराला खोलीतला पडदा पिवळा झाला. मी वळून बघेपर्यंत आबांनी घोंगडी पांघरली होती आणि दाढीचा आरसा कोटाच्या खिशात घालत होते. "चल," म्हणाले. मी म्हटलं, आबा, आज मंगळवार आहे. ते म्हणाले, "सूर्याला काय ठाऊक?"

जोशी साहेबही आमच्या मागून निघाले, विमान चुकेल म्हणून काळजी करत. चर्चपाशी पोचलो तर लुचीया नवा घोळका घेऊन आतच होती आणि दिवा अजून दुरुस्त झाला नव्हता. आबांनी तिच्यासमोर हात पुढे केला आणि छत्री मागितली. तिला काही कळलं नाही, पण तिनं दिली. आबांनी दाढीचा आरसा माझ्या हातात ठेवला. "पायरीवर उभी ऱ्हा. सूर्य धर अन् आत सोड. छत्रीवर. हात हालू द्यायचा नाय." एवढं बोलून ते आत अंधारात गेले.

मी पायरीवर उभी राहिले. चौकातली माणसं बघत होती. ऊन धरलं, आरसा कलता केला, उजेडाचा ठिपका दाराच्या चौकटीवरून घसरत आत गेला आणि थरथरत थरथरत उघड्या पांढऱ्या छत्रीवर जाऊन बसला. इतक्या वर्षांत मी हे केलं नव्हतं, पण मनगट विसरलं नव्हतं. आतून अनेक माणसांनी एकदम श्वास घेतल्याचा आवाज आला.

जोशी साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी आरशाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. मग विचारलं, "हे तुला कसं येतं?"

हा प्रश्न मला चुकवता आला असता. लहानपणचा खेळ म्हणून सांगता आलं असतं. पण आत माझा बाप परक्या देवासमोर छत्री धरून उभा होता आणि मी त्याचा सूर्य धरून उभी होते, अशा वेळी मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, "साहेब, आबा खात्यात नव्हते. रोजंदारीवर होते. लेण्यांत फळी धरायचे. लोकांना मूर्ती दिसाव्यात म्हणून उजेड दाखवायचे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. मी कुणाला सांगितलं नाही, मला लाज वाटायची."

साहेबांनी हातमोजे काढून खिशात कोंबले. "तो आरसा माझ्याकडे दे," म्हणाले. "तू आत जा. तुला कुठं दिसतंय इथून?" एवढा मोठा साहेब, पण आरसा धरायची सवय नाही. दोन-तीनदा उजेड चुकून एका सद्गृहस्थाच्या टकलावर गेला. मग जमलं.

मी आत गेले. आबा खाली गुडघ्यावर बसले होते. छत्री जमिनीलगत होती आणि उजेड त्या बायकांच्या अनवाणी पायांवर. मातीच्या पायांची बोटं जमिनीत रुतलेली. मग तो वर सरकला. वाऱ्यानं मागे उडालेली वस्त्रं, आवळलेल्या मुठी, पसरलेले हात. सगळ्यात शेवटी तोंडं. किंकाळी फोडणारी, उघडी, दुःखानं वेडीवाकडी झालेली तोंडं. आबा छत्री किंचित हलवत होते आणि त्या बायका धावत येत असल्यासारखं वाटत होतं. माझ्या पुढे उभी असलेली एक म्हातारी डोळे पुसत होती. आबांनी मागे वळून शेवटच्या रांगेकडे पाहिलं, तिथंही दिसतंय ना याची खात्री केली, तेव्हा त्यांना मी दिसले. या वेळी मी छताकडे बघितलं नाही. सरळ त्यांच्याकडे बघितलं. लुचीयानं हळूच विचारलं, हे कोण आहेत. मी तिला आणि भोवतीच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं की हे माझे वडील आहेत.

बाहेर आल्यावर लुचीयानं आबांचे दोन्ही हात धरले. छत्री परत घेईना. आबांनीच ती तिला नीट मिटून दिली आणि तिच्याच भाषेत आभार मानत "ग्रात्सिए" म्हणाले. घड्याळात तीन वाजत आले होते. आम्ही कमानींखालून हॉटेलकडे निघालो. कमानींमधून ऊन तिरपं येत होतं, थोडं ऊन, थोडी सावली. आबा खुशीत होते. मातीचं काम असूनही त्यांनी ते मान्य केलं होतं. "रचलेलं नाय म्हणता यायचं," म्हणाले. "आतनं आलंय."

थोडं चालल्यावर, पुढं बघतच म्हणाले, "सहलीला तू वर बघत व्हतीस."

मला कळलं, तरी मी विचारलं, "कोणत्या सहलीला?"

"शाळंच्या. धा नंबरात. मी तुला दारातच वळखली, चालीवरनं. उजेड मांडीपातुर आणला व्हता. अजून तोंड व्हायचं व्हतं. पर तू वर बघत व्हतीस अन् वर समदा अंधार. एकटी पोरगी अंधारात काय बघती, असं कुणी इचारलं असतं तर काय सांगितलं असतंस? म्हणून मी उजेडच वर नेला."

मी थांबले. छताच्या त्या फासळ्या, बाईंचं "वर बघा वर", माना वर केलेल्या सगळ्या मुली. पंचवीस वर्षं मी जो योगायोग समजत होते तो माझ्या बापानं माझ्यासाठी पाडलेला उजेड होता. मला रडू आवरेना. कमानीच्या खांबाला धरून मी रडले. म्हटलं, "आबा, मी तुम्हाला ओळख दिली नाही."

"मी तरी कुठं दिली?" आबा म्हणाले. "मी कामावर व्हतो." मग घोंगडीचं टोक माझ्या हातात दिलं डोळे पुसायला. "तवा बुद्धाचं तोंड ऱ्हाऊनच गेलं तुझं. आज दिसलं का सगळं?"

मी म्हटलं, दिसलं. तोंडासकट दिसलं.

"मग चल," ते म्हणाले, दोन पावलं टाकली आणि सवयीनं मागे वळून माणसं मोजली. जोशी साहेब लांब, चार कमानी मागे राहिले होते. हातात आबांचा आरसा होता आणि ते समोरच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर उजेड सोडून बघत होते. विमानाची काळजी विसरलेले दिसत होते. मी हाक मारणार, तर आबांनी मला हातानं थांबवलं.

"असू दे," म्हणाले. "शिकतायत. मागच्याला घेतल्याबिगर पुढं जायचं नाय." आणि आम्ही दोघं तिथंच, उन्हाच्या पट्ट्यात, साहेबांची वाट बघत उभे राहिलो.